मराठीत बोलून मेसेज लिहिण्याची पद्धत: आधी तयारी, मग माइक, शेवटी पाठवणं

बोलून लिहिलेल्या मराठी मेसेजचा घोळ बहुतेक वेळा बोलण्याआधीच झालेला असतो. कीबोर्ड हिंदीवर राहिलेला असतो, भलताच माइक दाबलेला असतो, किंवा काय सांगायचं हे ठरायच्या आतच बोलायला सुरुवात झालेली असते. मग ‘आमच्या फोनला मराठी येत नाही’ असं म्हणून लोक पुन्हा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागतात. फोनला मराठी पुरेसं कळतं. फक्त कामाचा क्रम पाळावा लागतो, आणि पाठवण्यापूर्वी मेसेज डोळ्यांनी वाचावा लागतो.

खालची माहिती अँड्रॉइड फोन आणि गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड धरून दिली आहे. मेनूची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. एखादी गोष्ट सापडली नाही तर सेटिंग्जमध्ये वर जी शोधपट्टी असते तिथे ‘कीबोर्ड’ किंवा ‘भाषा’ असं लिहा, बरोबर जागी पोचाल.

बोलून मेसेज लिहिण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला: ज्याला मेसेज करायचा त्याचा चॅट उघडून कीबोर्डवरच्या माइकवर बोलणं. दुसरा: ‘हे गूगल’ म्हणून असिस्टंटला, म्हणजे बोलून सांगितलेली कामं करणाऱ्या गूगलच्या मदतनिसाला, नाव आणि निरोप सांगणं. रोजच्या वापरासाठी पहिलाच रस्ता धरा, असं माझं स्पष्ट मत आहे. चॅट आपण स्वतः उघडलेला असतो, त्यामुळे माणूस चुकत नाही, आणि आपण बटण दाबेपर्यंत मजकूर चौकटीतच थांबतो. असिस्टंटचा उपयोग हात अडकलेले असताना होतो. त्याबद्दल पुढे टप्पा ७ मध्ये सांगितलं आहे.

टप्पा १: फोनची तयारी (एकदाच)

१. कीबोर्ड कोणता आहे ते बघा. काही कंपन्या स्वतःचा कीबोर्ड देतात, आणि त्यातल्या माइकला मराठी येतंच असं नाही. प्ले स्टोअरमधून जीबोर्ड घ्या आणि सेटिंग्जमध्ये तोच मुख्य कीबोर्ड म्हणून निवडा.

२. मराठी जोडा. कुठलाही चॅट उघडा, कीबोर्ड वर आला की स्वल्पविरामाची कळ दाबून धरा, गिअरचं चिन्ह येईल. त्यातून कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जा, ‘भाषा’ उघडा, ‘कीबोर्ड जोडा’ दाबा आणि मराठी निवडा. मांडणी विचारली तर देवनागरी कळांची घ्या. दुरुस्ती करताना मात्रा आणि अनुस्वार हाताशी हवेत.

३. त्याच सेटिंग्जमध्ये ‘व्हॉइस टायपिंग’ चालू आहे का ते बघा. ते बंद असेल तर कीबोर्डवर माइकच दिसत नाही, आणि लोक फोन बिघडला असं समजतात.

४. पहिल्यांदा माइक दाबल्यावर फोन परवानगी मागतो. घाईत ‘नको’ दाबलं गेलं असेल तर सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’ मध्ये जाऊन जीबोर्ड आणि गूगल या दोन्ही ॲपना मायक्रोफोनची परवानगी द्या. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये वरून खाली ओढल्यावर जी बटणं येतात त्यांत अख्ख्या फोनचा मायक्रोफोन बंद करणारं बटणही असू शकतं. तेही एकदा तपासा.

५. इंटरनेट चालू ठेवा. नेटशिवाय मराठी ओळखण्यावर विसंबू नका.

हिंदीत कधीच लिहीत नसाल तर भाषांच्या यादीतून हिंदी काढून टाका. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीतच उमटतात, त्यामुळे कीबोर्ड हिंदीवर आहे हे लक्षातच येत नाही. तुम्ही म्हणता ‘मी घरी आहे’, आणि फोन त्यातून हिंदी शब्द शोधत बसतो. ‘आहे’ चं ‘है’ झालेलं दिसलं की कारण हेच, हे ओळखा.

तपासा: स्पेसबारवर ‘मराठी’ लिहिलेलं दिसतंय का? नसेल तर गोलाकार पृथ्वीच्या चिन्हाची कळ दाबा, किंवा स्पेसबार दाबून धरा आणि यादीतून मराठी निवडा. ही नजर प्रत्येक मेसेजच्या आधी टाकायची आहे.

टप्पा २: बरोबर माइक ओळखा

व्हॉट्सॲपच्या पडद्यावर दोन माइक असतात. मजकुराच्या चौकटीशेजारी उजवीकडे जो गोल हिरवा माइक असतो तो आवाज रेकॉर्ड करतो. तो दाबून बोललात तर समोरच्याला तुमचा आवाज जातो, अक्षरं नाहीत. कीबोर्ड उघडल्यावर कळांच्या वरच्या पट्टीत जो छोटा माइक येतो, तो बोललेलं लिहून देतो. आपल्याला हा हवा आहे.

क्रम असा: चॅट उघडा, वर नाव वाचा, मजकुराच्या चौकटीवर बोट टेकवा, कीबोर्ड येऊ द्या, स्पेसबार बघा, मग कीबोर्डवरचा माइक दाबा.

सावध: गोल हिरव्या माइकवर बोट राहिलं आणि उचललं की रेकॉर्डिंग लगेच जातं. घरातलं बोलणं चुकून ग्रुपवर जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

सरावासाठी व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच मेसेज करण्याची सोय आहे. संपर्कांच्या यादीत वरच तुमचं स्वतःचं नाव दिसतं. नवीन शिकणाऱ्याने पहिले काही मेसेज तिथेच लिहावेत. चूक झाली तरी कोणाला जात नाही, आणि आपल्या उच्चारातले कोणते शब्द फोनला कळत नाहीत तेही समजतं.

टप्पा ३: बोलण्याआधी मजकूर ठरवा

बहुतेक लोक हा टप्पा गाळतात आणि त्याची किंमत दुरुस्तीत मोजतात. हाताने लिहिताना आपण लिहिता लिहिता विचार करू शकतो, कारण कर्सर आपली वाट बघतो. माइक वाट बघत नाही. थोडं थांबलं की तो बंद होतो, आणि ‘म्हणजे’, ‘ते आपलं’, ‘काय म्हणतात’ हे सगळं मजकुरात उमटतं.

माइक दाबण्याआधी मनात चार गोष्टी ठरवा: कोणाला काय म्हणून हाक मारायची, बातमी काय, दिवस आणि वेळ कोणती, आणि समोरच्याने काय करायचं. उदाहरणार्थ, गावी निघताना वहिनींना कळवायचं आहे:

‘वहिनी, आम्ही शनिवारी १४ तारखेला सकाळी साडेनऊच्या गाडीने निघतोय. स्टेशनवर यायची गरज नाही, आम्ही रिक्षाने घरी येऊ. जेवायला थांबू नका.’

एवढं मनात तयार असलं की बोलायला फार वेळ लागत नाही. ‘परवा’ हा शब्द टाळा. तो मागच्या दिवसालाही लागतो आणि पुढच्याही. मेसेज दुसऱ्या दिवशी वाचला गेला तर गोंधळ आणखी वाढतो. वार आणि तारीख दोन्ही सांगा.

काही मजकूर बोलून लिहूच नये. मोबाईल नंबर, बँक खात्याचा नंबर, यूपीआय आयडी हे कॉपी करून टाका. नंबर द्यायचा असेल तर व्हॉट्सॲपच्या पिनेच्या चिन्हातून थेट संपर्क पाठवा. ओटीपी आणि पिन कोणालाच पाठवायचे नसतात, मग ते मोठ्याने बोलण्याचा प्रश्नच येत नाही. आणि कोणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल तर फोन करा किंवा दोन ओळी हाताने लिहा. अशा मेसेजमध्ये एक शब्द भलता उमटला तरी तो वाचणाऱ्याच्या मनात राहतो.

टप्पा ४: बोला, पण वाक्यावाक्याने

१. टीव्ही बंद करा, पंख्याच्या थेट खाली बसू नका. कुकरची शिट्टी होणार असेल तर ती होऊ द्या. एसटी स्टँडवर किंवा बाजारात असाल तर भिंतीकडे तोंड करून बोला.

२. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. माइकचं भोक बहुतेक फोनमध्ये खाली, चार्जिंगच्या जागेजवळ असतं. फोन तळहातात धरताना करंगळीने ते झाकलं जातं.

३. कानात ब्लूटूथ असेल तर आवाज तिकडून घेतला जाऊ शकतो. ते खिशात किंवा गळ्यात असेल आणि जोडलेलं असेल तर फोनला काहीच ऐकू जात नाही. शब्द उमटत नसतील तर ब्लूटूथ बंद करून बघा.

४. एक वाक्य बोला, थांबा, पडद्यावर आलेलं बघा, मग पुढचं बोला. माइक बंद झाला असेल तर पुन्हा दाबा. तीन वाक्यांचा मेसेज तीन वेळा माइक दाबून लिहिला तरी तो एका दमात बोललेल्या मेसेजपेक्षा लवकर पूर्ण होतो, कारण चूक कुठे आहे ते शोधावं लागत नाही.

५. आवाज नेहमीचा ठेवा. शब्द सुटा सुटा तोडून, ओरडून बोलल्याने फोनला जास्त कळत नाही, उलट चुका वाढतात. बातम्या वाचतात तसा संथ, सलग वेग बरा.

विरामचिन्हांचं काय? ‘पूर्णविराम’, ‘प्रश्नचिन्ह’ हे शब्द तुमच्या फोनवर म्हणून बघा. चिन्ह आलं तर उत्तम. शब्दच उमटला तर तो पुसा आणि चिन्ह हाताने टाका. प्रश्नचिन्हात मात्र आळस करू नका. ‘तुम्ही येणार’ आणि ‘तुम्ही येणार?’ यांतला फरक बोलताना सुरातून कळतो, लिहिताना त्या एका चिन्हातूनच कळतो.

बोलीतले शब्द, विशेषतः क्रियापदं, फोन बरेचदा प्रमाण भाषेकडे ओढतो. ते जसेच्या तसे ठेवायचे असतील तर हाताने लिहा.

टप्पा ५: पाठवण्याआधी वाचा

सगळा मेसेज वाचाच, पण पाच जागी थांबून वाचा.

नकार. मराठीत ‘नाही’ आणि ‘नको’ वाक्याच्या शेवटी येतात, आणि बोलताना आपला आवाज तिथेच खाली जातो. ‘येणार नाही’ मधला ‘नाही’ गळला तर मेसेजचा अर्थच उलटा होतो. त्याहून फसवी जोडी म्हणजे ‘येऊ नका’ आणि ‘येऊन का’. कानाला दोन्ही सारखेच. ‘करू नका’ चं ‘करून का’, ‘देऊ नका’ चं ‘देऊन का’ असंच होऊ शकतं. म्हणून वरच्या नमुन्यात ‘स्टेशनवर येऊ नका’ ऐवजी ‘यायची गरज नाही’ असं लिहिलं आहे. महत्त्वाचा नकार असा लांब करून बोला, तो तुटत नाही. ‘थांबू नका’ तसंच ठेवलं आहे, कारण ते तुटलं तरी अर्थ लागतो. पण तेही वाचून घ्या.

क्रियापदाचा शेवट. ‘मी येईन’ म्हणायचं असताना अनेकजण ‘मी येईल’ असं बोलतात, आणि फोन तेच लिहितो. आधी ‘मी’ असेल तर निभावतं. ‘संध्याकाळी येईल’ एवढंच असेल तर वाचणारा विचारतो, कोण येईल? तसंच ‘जातो’ आणि ‘जाते’, ‘ये’ आणि ‘या’. सासऱ्यांना किंवा शाळेच्या मॅडमना ‘या’ ऐवजी ‘ये’ गेलं तर ते फोनने लिहिलं हे त्यांना कसं कळणार?

आकडे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, बासष्ट आणि बहात्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, या जोड्या माणसांच्याही कानाला चकवतात. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे शब्द आले की थांबून बघा. रक्कम असेल तर बोलून आलेला आकडा पुसून हाताने लिहा: ४,५०० रुपये. ‘पावणेआठ’ मधलं ‘पावणे’ गेलं तर समोरचा माणूस पाऊण-एक तास नव्हे, फक्त पाव तास चुकेल. पण गाडी तेवढ्यातही सुटते.

माणसांची आणि गावांची नावं. शिरोळ कोल्हापूर जिल्ह्यात, शिराळा सांगलीत, शिरूर पुण्यात, आणि बोलताना तिन्ही जवळजवळ एकसारखी. खेड तर रत्नागिरी जिल्ह्यातही आहे आणि पुणे जिल्ह्यातही, म्हणजे फोनने बरोबर लिहिलं तरी वाचणारा चुकू शकतो. गावाबरोबर तालुका किंवा जिल्हा द्या.

शेवटचं वाक्य. माइक मध्येच बंद झालेला असतो आणि आपण बोलतच राहतो. त्यामुळे शेवटचे तीन-चार शब्द आलेलेच नसतात.

दुरुस्ती करताना सगळं पुसून पुन्हा बोलू नका. चुकलेल्या शब्दावर दोनदा बोट टेकवा, तो निवडला जाईल, मग तेवढाच पुन्हा बोला किंवा हाताने लिहा. तोच शब्द दुसऱ्यांदाही चुकला तर तिसऱ्यांदा बोलण्यात वेळ घालवू नका, हाताने लिहा. पत्ता किंवा आडनाव नेहमीच चुकत असेल तर कीबोर्डच्या सेटिंग्जमधल्या ‘डिक्शनरी’ मध्ये ते एकदा लिहून ठेवा आणि त्याला छोटा शॉर्टकट द्या. पुढे तो शॉर्टकट लिहिला की वर सूचनेत अख्खा पत्ता येतो.

सावध: ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही ते ‘सिलेक्ट टू स्पीक’ ही सोय लावून फोनकडून मजकूर वाचून घेतात. ही सोय सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ खाली असते आणि ती उपयोगी आहे. पण ‘येऊ नका’ आणि ‘येऊन का’ तिच्या तोंडीही सारखेच ऐकू येतात. त्यामुळे ऐकणं हे वाचण्याच्या जोडीला ठेवा. चॅटमधली अक्षरं मोठी करून घेणं जास्त कामाचं: व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’ आणि त्यात ‘फॉन्ट साइज’.

टप्पा ६: एसएमएस असेल तर लांबी बघा

व्हॉट्सॲपवर हा प्रश्न येत नाही. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं एका मेसेजमध्ये मावतात, देवनागरीची मात्र ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘स्टेशन’ आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, फोन ते सहा मोजतो. ७० च्या पुढे गेलात की मेसेजचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि तितके एसएमएस मोजले जातात. बोलताना वाक्यं आपोआप लांबतात, म्हणून एसएमएससाठी नमस्कार-चमत्कार कमी करून थेट निरोप बोला.

टप्पा ७: हात अडकलेले असतील तेव्हाच असिस्टंट

कणीक मळताना, शेतात हात चिखलात असताना किंवा हाताला प्लास्टर असताना हा रस्ता खरोखर सोयीचा आहे. पण त्याला स्वतःची तयारी लागते.

१. संपर्कांची नावं साफ करा. तीन ‘संतोष’ असतील तर असिस्टंट विचारत बसेल किंवा भलता संतोष उचलेल. ‘संतोष नळवाले’, ‘संतोष मावसभाऊ’ अशी नावं ठेवा. नाव तसंच लिहा जसं तुम्ही तोंडाने घेता. नावातले ठिपके, चित्रं, ‘नवीन नंबर २’ असली शेपटं काढून टाका.

२. असिस्टंटच्या भाषांमध्ये मराठी जोडा. नव्या फोनमध्ये त्याच्या जागी जेमिनाय हा गूगलचा एआय मदतनीस असू शकतो. तिथेही मराठीत बोलता येतं.

३. आधी फक्त नाव आणि काम सांगा: ‘संतोष मावसभाऊला मेसेज पाठव’. त्याने निरोप विचारला की मग निरोप सांगा. नाव आणि निरोप एका दमात बोलल्यास नाव कुठे संपतं हे त्याला कळत नाही आणि अर्धा निरोप नावात जातो.

४. तो मजकूर दाखवेल किंवा वाचून दाखवेल. पडद्यावरचं नाव बघितल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका.

तपासा: पहिल्यांदा घरातल्याच माणसाला मेसेज पाठवून बघा आणि तो कुठे पोचला, व्हॉट्सॲपवर की एसएमएसमध्ये, ते त्याच्या फोनवर बघा. ग्रुपवर असिस्टंटकरवी कधीच मेसेज टाकू नका.

सावध: गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. बोलून लिहिलेला मेसेजही वाचावा लागतोच, आणि वाचायचं म्हणजे नजर रस्त्यावरून काढायची. गाडी बाजूला घ्या.

टप्पा ८: मजकूरच सुचत नसेल तर

घरमालकांना डिपॉझिट परत मागायचं आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींना गळतीबद्दल लिहायचं आहे, अशा वेळी जेमिनायला बोलून मसुदा मागता येतो. लोक नुसतं ‘घरमालकांना मेसेज लिही’ म्हणतात आणि पानभर सरकारी मराठी हातात येते. मागणी अशी करा: ‘मी भाडेकरू बाई आहे. घरमालक वयाने मोठे आहेत, त्यांना तुम्ही म्हणते. डिपॉझिटचे वीस हजार परत मागायचे आहेत, घर ३१ तारखेला रिकामं केलं. चार वाक्यांत, साध्या बोलीभाषेत लिही. मी सांगितलेली नाही अशी कुठलीही माहिती घालू नकोस.’

आलेला मसुदा कॉपी करून चॅटमध्ये टाका आणि तीन गोष्टी शोधा. कंसात ‘आपले नाव’ अशी रिकामी जागा राहिली आहे का? बाईच्या मेसेजमध्ये ‘मी विनंती करतो’ आलं आहे का? तुम्ही न सांगितलेली एखादी तारीख किंवा कारण घुसलं आहे का? मग टप्पा ५ मधलं वाचन पुन्हा करा.

टप्पा ९: पाठवल्यावर चूक दिसली तर

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांत तो दुरुस्त करता येतो. मेसेजवर बोट दाबून धरा, वरच्या तीन ठिपक्यांत ‘एडिट’ असतं. दुरुस्त केल्याची खूण समोरच्याला दिसते, पण त्याला नव्याने सूचना जाईलच असं धरू नका. म्हणून वेळ, रक्कम किंवा नकार चुकला असेल तर नुसती दुरुस्ती करून थांबू नका. वेगळा मेसेज टाका: ‘वरच्या मेसेजमध्ये वेळ चुकली होती, साडेनऊ बरोबर.’

सगळ्यांसाठी पुसून टाकण्याची मुदत दोन दिवसांहून थोडी जास्त असते. पुसल्यावर तिथे मेसेज पुसल्याची ओळ राहते, आणि तोवर तो कोणी वाचलेला असू शकतो. साधा एसएमएस परत घेता येत नाही. तो चुकीच्या माणसाला गेला तर लगेच फोन करून सांगा.